पडद्याच्या कापडाचा स्कर्ट

आमच्या घरात पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग बसायचा. सोप्यात तंबाखूच्या बोदांची, गोणपाटात शिवलेल्या गठ्ठ्यांची, थप्पी लागलेली असायची आणि तो वास भिंतींत, गाद्यांत, धान्याच्या कणग्यांत मुरलेला होता. आम्हाला तो येत नसे. निपाणीच्या शाळेत नवीन मुलगी शेजारी बसली आणि तिनं नाकाला रुमाल लावला, तेव्हा मला कळलं की मी जिथं जाते तिथं आमचं घर माझ्याबरोबर येतं. पुढं सासरी, बोरगावला गेले तेव्हा तिथंही तंबाखूच होती, त्यामुळं त्या बाबतीत मला परकं असं कधी वाटलं नाही.

सोप्याच्या आत माजघर, आणि माजघराच्या एकुलत्या एक खिडकीखाली पाटावर आईचं हातमशीन. ते तिनं माहेराहून आणलं होतं. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हातानं कापड सरकवायचं. दुपारी आप्पा रानात, थोरला भाऊ अण्णा निपाणीला वखारीत, अशा वेळी ती मशीनवर बसायची आणि घरभर टकटक सुरू व्हायची. तो आवाज ऐकला की शेजारच्या बायका ओळखायच्या, घरात बाप्ये नाहीत. मग कुणी चोळी घेऊन यायची, कुणी पोराचं झबलं. आप्पांच्या बैलगाडीची घुंगरं वळणावर वाजली की आई मशीनवर फडकं टाकायची. आप्पांनी मशीनला कधी बंदी केली नव्हती. पण "बसली व्हय टकटक करत?" हे ते अशा आवाजात म्हणायचे की तिला ते दुसऱ्यांदा ऐकायला नको असायचं. माझी आई आप्पांना फार भ्यायची. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला ती फक्त शांत स्वभावाची वाटायची.

मी आठवीत गेले आणि शाळेत सावित्री टीचर आल्या. धारवाडकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकं पण आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली गाय दचकावी. त्यांनी आम्हाला खो-खो शिकवला. परकर खोचून पळणाऱ्या आम्ही पंचवीस-तीस पोरी, त्यातून त्यांनी मला बाजूला काढलं. "ही हुडगी, ही पोरगी बघा," त्या दुसऱ्या शिक्षिकेला म्हणाल्या, "पाय जमिनीला लागतच नाहीत हिचे." कुणी माझ्या अंगातल्या एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं, असं ते पहिलंच. घरात कौतुक व्हायचं ते भाकरी गोल आली म्हणून. मी पळताना मला काय वाटायचं ते आज सांगायला गेले तर खोटं वाटेल. एवढंच सांगते, की खुंटाला हात टाकून वळताना सगळं मैदान गरकन फिरायचं, पाठीमागची पोरगी सूर मारून तोंडावर पडायची, टीचर कन्नडमध्ये ‘पळ’ म्हणून ओरडायच्या, "ओडू, पद्मा, ओडू!" आणि त्या वेळात मी कुणाची लेक नसायचे, कुणाची बहीण नसायचे.

आमचं घर जैनांचं. सूर्य मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे, नंतर अन्न नाही. सरावामुळं मला उशीर व्हायचा, मी निपाणीहून बसनं गावात, घरी पोचेपर्यंत चूल विझलेली. पहिले काही दिवस मी उपाशी झोपले. मग एके दिवशी दप्तरात हात घातला तर फडक्यात बांधलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. आई काही बोलली नव्हती. रात्री मी तिच्याकडं बघितलं तेव्हा ती भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "सूर्व्य बघून खात जा. आणि अण्णाला सांगू नगंस, शिवणाच्या तासाला थांबतीस म्हणून सांगितलंय मी." असा आमच्या दोघींचा हा चोरटा कारभार सुरू झाला. गुडघे फुटायचे, त्यावर ती हळद भरायची. भरताना विचारायची, "आज कितींदा पळालीस?" तिचे डोळे अशा वेळी वेगळेच व्हायचे. मला खात्री होती, सगळ्या जगात माझ्या बाजूचं एक माणूस आहे आणि ते आमच्या माजघरात बसतं.

पुढच्या वर्षी टीचरनी सांगितलं की बेळगावच्या सामन्यांना परकर चालणार नाही. काळी हाफपँट लागेल. वर्गात एकच हलकल्लोळ झाला. निम्म्या पोरींनी तिथंच नाव काढून घेतलं. मी घरी येऊन आईला सांगितलं आणि रडायला लागले, कारण ह्यावर उपायच नव्हता. उघडे पाय घेऊन वेशीतून जाणारी मुलगी आमच्या गावात तोवर जन्माला आली नव्हती.

आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुमच्या शाळंत त्या डाक्टरची पोरगी काय नेसती गं, गुंडाळायचं?"

डॉक्टरांची मुलगी सुट्टीच्या दिवशी सराव असला की रॅपराउंड घालून यायची. त्या काळात त्याची फॅशन आलेली. शिवलेला गोल स्कर्ट नव्हे, तर कमरेभोवती लुंगीसारखा गुंडाळायचा आणि बंदांनी बांधायचा. मी आईला तो हातवारे करून समजावला. तिनं दोनच प्रश्न विचारले, गाठ कुठल्या बाजूला येते आणि वाऱ्यानं उघडतो का. मग ट्रंकेतून एक कापड काढलं. निळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. सोप्याच्या दाराला पडदा करायचा म्हणून तिनं ते बाजारातून घेतलं होतं आणि आप्पांना दाखवलंही होतं.

"पडदा?" मी म्हणाले.

"दार कुटं पळून चाललंय? पडद्याचं बघू मागनं."

तो स्कर्ट शिवताना मी तिच्यासमोर बसून होते. एवढी आनंदी आई मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. सुतळीनं माझी कंबर मोजली, मग तीच सुतळी पुन्हा निम्मी फिरवली. "एक येढा झाकाय, आणि निम्मा येढा लाजंला," म्हणाली. म्हणजे पल्ल्यावर पल्ला इतका आला पाहिजे की गाडीची पायरी चढताना, वारा सुटला तरी आतलं दिसू नये. कळ्या कापल्या, जोडल्या, खाली रुंद दुमड घातली, की कापडाला वजन यावं आणि ते खाली बसावं. कमरेला दुहेरी पट्टा लावला, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लांब बंद. डाव्या कुशीला पट्ट्यात एक काज ठेवलं. एक बंद त्या काजातून बाहेर काढायचा, पाठीमागून फिरवायचा आणि उजव्या कुशीला दुसऱ्याशी बांधायचा. गाठ कशी बांधायची हे तिनं मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. सुरगाठ. "न ओढता सुटाय न्हाय पायजे," ती म्हणाली, "आणि ओढली की एका झटक्यात सुटली पायजे. खेळ सुरू व्हायच्या टायमाला बंद सोडत बसशील काय?" मग अण्णाची एक जुनी काळी पँट काढली, गुडघ्यांच्या वर कापली, कमरेत आवळली, आणि माझी हाफपँट तयार झाली. मी ती घातली, वरून स्कर्ट गुंडाळला, आणि माजघराच्या मधोमध उभी राहून गाठ ओढली. निळं कापड पायाशी पडलं. आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगंबाई, पळ आता!" म्हणाली.

घरात कुणाला काही कळलं नाही. अण्णानं स्कर्ट बघितला तेव्हा एवढंच विचारलं, "ह्ये काय नवं?" आई भाकरी थापतच म्हणाली, "शाळंत समद्या पोरी घालत्यात. परकरापरीस बरं, घेर कमी." स्कर्ट घोट्यापर्यंत होता. आक्षेप घ्यायला काही नव्हतं. पडद्याचं आप्पांनी विचारलं, तर कापड धुतल्यावर आखडलं म्हणून सांगितलं. मला आठवतं, इतक्या सहज खोटं बोलता येतं ह्याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं.

आईनं घरात शाळेची सहल म्हणून सांगितलं आणि बेळगावला आम्ही गाडीनं गेलो, टीचर आणि आम्ही पोरी. एका मोठ्या शाळेचं मैदान, चुन्यानं आखलेल्या पाट्या, कडेला दोर बांधलेला आणि दोराबाहेर ही गर्दी. आम्ही आपापले परकर, स्कर्ट काढून दोरावर टाकले. मी गाठ ओढली तेव्हा सुनंदा, माझी मैत्रीण, म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं मलाबी एक शिवून दे." पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात मी इतका वेळ पळाले की समोरच्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या राहायला लागल्या. राज्याच्या संघाची निवड करायला आलेले एक गृहस्थ टीचरना येऊन माझं नाव विचारून गेले. टीचरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "धारवाडला कॅम्प आहे. तू जाणार. आता शेवटची मॅच नीट खेळ."

शेवटच्या मॅचला, मी पळत असतानाच, दोराशी मला अण्णा दिसला. तो वखारीच्या कामासाठी बेळगावला आला होता आणि निपाणीच्या पोरी खेळतायत म्हणून मित्रांनी त्याला ओढत आणलं होतं. हे मला नंतर कळलं. गर्दीत कुणीतरी माझ्या पायांवरून काहीतरी बोललं आणि त्याचे मित्र हसले, त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. हेही नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त दिसलं, की अण्णा उभा आहे आणि त्याच्या हातात माझा निळा स्कर्ट आहे. मी थांबले. कुणीतरी पाठीत थाप मारली आणि मी बाद झाले.

दोराबाहेर आल्यावर त्यानं स्कर्ट माझ्या अंगावर फेकला. "गुंडाळ," म्हणाला.

टीचर धावत आल्या. "अहो, मॅच चालू आहे. तुम्ही कोण?"

"भाऊ हाय तिचा. आणि मॅच संपली."

बेळगावपासून निपाणीपर्यंत तो माझ्याशेजारी बसला होता. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला भीती वाटत नव्हती. खरंच नव्हती. मार बसेल हे ठाऊक होतं. पण आई आहे, ती काहीतरी म्हणेल, पदर खोचून मध्ये उभी राहील, असं मी धरूनच चालले होते.

सोप्यात आप्पा बसले होते. अण्णानं सगळं सांगितलं, लोक काय बोलले तेसुद्धा. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईला हाक मारली. ती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ह्ये तू शिवलंस?"

"व्हय," आई म्हणाली. "आंग झाकाय शिवलं. घोट्यापत्तूर केलंय, बघा की."

"आणि आत काय घालती ती?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "मला काय म्हाईत? मी काय आत बघाय जाती?"

"चड्डी हाय, आई," अण्णा म्हणाला. "बाप्यांची चड्डी. माझ्याच पँटीची हाय, मी वळखली."

"बघा!" आईचा आवाज एकदम चढला. "मी म्हणतच हुते, पँट गेली कुटं. चोरून न्हेली आसंल हिनं. त्या मास्तरणीनं शिवून दिली आसंल. आमाला फशिवलंस व्हय गं? घरच्यांना फशिवलंस?"

आणि ती पुढं आली आणि तिनं मला मारलं. आप्पांनी नाही, अण्णानं नाही. तोवर जिनं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, तिनं. गालावर, पाठीत, पुन्हा गालावर, मशीनचा दांडा फिरवून घट्ट झालेल्या त्या हातानं. शेवटी अण्णाच म्हणाला, "आई, बास."

मी एक वाक्य बोलले असते तर सगळं उलटं झालं असतं. कापडाचं, पँटीचं, गुळाच्या खड्याचं, सगळं मला सांगता आलं असतं. मी बोलले नाही. तिचं काय होईल ह्याची मला भीती वाटली. सोळाव्या वर्षी मी तिला वाचवायचं ठरवलं, आणि ती मला वाचवणार नाही हे त्याच सोप्यात, त्याच वेळी मला कळत होतं. दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. माणूस त्यानंतर लहान राहत नाही.

टीचर दोन दिवसांनी घरी आल्या, धारवाडच्या कॅम्पसाठी परवानगी मागायला. एवढ्या लांब, एकट्या. आईनं पूर्वी एकदा माझ्याबरोबर त्यांना शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते आणि निरोपही, की पोरीला नीट शिकवा, घरचं मी बघते. आप्पा त्यांना सोप्यात उभं करूनच बोलले. "आमच्या पोरीला चड्डी शिवून देणाऱ्या तुमीच न्हवं?"

टीचरनी आधी माझ्याकडं बघितलं. मग माजघराच्या दाराकडं, जिथं आई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"हां," त्या म्हणाल्या. "मीच दिली. चूक झाली."

त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. जाताना त्यांनी मला हाक मारली नाही, मागंही वळून बघितलं नाही. एक परकी बाई, जिचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तिनं माझ्या आईचं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि उन्हातून चालत निघून गेली. आई आत जाऊन पीठ मळायला बसली.

माझी शाळा सुटली. पुढच्या उन्हाळ्यात बोरगावचं स्थळ आलं आणि लग्न झालं. माझ्या लग्नाचे सगळे ब्लाउज आईनं त्याच मशीनवर शिवले, अगदी अंगाबरोबर बसतील असे. माझ्या जागी धारवाडला सुनंदा गेली. ती माझ्यापेक्षा सावकाश पळायची, हे तीही मान्य करते. पुढं ती राज्याकडून खेळली, रेल्वेत लागली, आता हुबळीत स्वतःच्या घरात राहते. दिवाळीला तिचा फोन येतो. मी तिचा हेवा करत नाही असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. करते. आजही जिना उतरताना गुडघा धरतो तेव्हा मला वाटतं, हे दुखणं खेळून आलं असतं तर मी ते आनंदानं सोसलं असतं. माझे गुडघे चुलीपुढं बसून गेले.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मुलं झाली, शिकली. आप्पा गेले, मग अण्णा गेला, भाच्यांनी घर वाटून घेतलं आणि आईला कुठल्या वाटणीत घालायचं हे ठरेना, तेव्हा मी तिला बोरगावला घेऊन आले. लोकांनी माझं कौतुक केलं. आणायला दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

मागच्या वर्षी आमच्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, महिला मंडळानं म्हाताऱ्या आयांचा सत्कार ठेवला होता. हॉलमध्ये खुर्च्या, स्टेजवर माइक. आईला शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण सुनेनं विचारलं, "आज्जी, तुमच्या काळातली एखादी आठवण सांगा." मला वाटलं, ती एखादं स्तवन म्हणेल. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"माझी ल्येक खो-खो खेळायची," ती म्हणाली. "लई पळायची. हाफपँट घालाय घरात कोण सोडतंय? मग मी पडद्याचं कापड कापलं आणि तिला गुंडाळायचा स्कर्ट शिवला. थोरल्याच्या पँटीची चड्डी केली. वरनं स्कर्ट, आतनं चड्डी. वड गाठ की पळ!"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. इथवर तिचं एक वाक्यही खोटं नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले होते.

"मग घरी कळलं नाही?" सुनेनं विचारलं.

"कळलं की. लई गोंदळ झाला. पर आईनं लेकीच्या मागं हुबं ऱ्हायचं आसतंय. मी काय भ्याले न्हाय कुणाला."

बायका उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला, "नशीबवान हाईसा, आक्का." माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा जो अर्थ त्यांनी घेतला तो घेतला. कार्यक्रमाचा व्हिडिओ नातीनं सगळ्यांना पाठवला, आणि तो बघून सुनंदाचा फोन आला. ती म्हणाली, "पद्मे, ही तुझीच आई ना गं?"

सत्काराच्या दिवशी घरी आल्यावर आईला कॉटवर बसवलं, पायांतल्या चपला काढल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"आई, त्या दिवशी सोप्यात तू काय बोलली हुतीस, आठवतंय?"

तिनं अंगावरची शाल काढून घडी घातली. तिचं तेव्हा पुष्कळ विसरायला व्हायचं, वाटलं हेही गेलं असेल.

"आठवतंय की," ती म्हणाली.

"मग मघाशी असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तसलं काय माइकवर सांगायचं आसतंय व्हय?" ती म्हणाली, "तू आज न्हाय उद्या सासरी जाणार हुतीस, पद्मे. मला त्याच घरात ऱ्हायचं हुतं. आणि मी काय लई जोरात मारलं न्हवतं तुला."

"जोरात मारलं हुतंस, आई."

"बरं," ती म्हणाली. "मग तसं."

आणि तिनं पाणी मागितलं. मी दिलं. तिनं माफी मागितली नाही आणि मी माफ केलं नाही. त्यानंतर ती वर्षभर जगली, माझ्याच हातचं खात. आम्ही दोघी रोज बोलायचो, भाजीचं, औषधाचं, कुणाच्या घरी काय झालं त्याचं. ह्या गोष्टीबद्दल पुन्हा कधीच नाही.